नाव न घेतलेली कावीळ

माणसाला देवाचा राग येतो, हे लिहायला मला लाज वाटते. पण मला आला होता, आणि साधासुधा नव्हता आला. आमच्या माहेरी वज्रेश्वरीला फार मानतात. लहानपणापासून मी तिच्याशी बोलत आले आहे. बोलत कसली, भांडतच आले आहे. माझं सासर भिवंडीत नारपोलीला, घराच्या भिंतीला भिंत लावून लूमचा कारखाना. त्या खटखटीत आमच्या घरात कुणी हळू बोलतच नाही, मीठ मागायचं तरी ओरडून मागतात. देवीशीही मी तशीच बोलायचे. ज्या दिवशी माझ्या धाकट्या भावाला, दिनेशला, रक्ताचा कॅन्सर आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी घरी आले, पायातल्या चपलाही काढल्या नाहीत, स्वयंपाकघरातल्या तिच्या फोटोसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "तुला दुसरं कुणी सापडलं नाही का गं?"

दिनेश अंजूरला आमच्या जुन्या घरीच राहायचा. आई, त्याची बायको सुवर्णा आणि शाळेत जाणारी एक लहान मुलगी. आमच्या भातशेतीवर आता गोदाम उभं आहे, त्याच गोदामातला माल दिनेश स्वतःच्या टेम्पोने पोचवायचा. पण गावात त्याला कुणी टेम्पोवाला म्हणून ओळखत नव्हतं. आमच्या बाजूला अंडरआर्म क्रिकेटचं केवढं वेड! त्या सामन्यांना माईकवर बोलायला दिनेश लागायचाच. आपल्या आगरी बोलीत तो असा काही सुटायचा की बॅट्समन आउट व्हायच्या आधी हसून हसून वाकायचा. आई म्हणायची, "या मेल्याच्या तोंडाला देवानं कुलूपच दिला न्हाय." केमो सुरू झाली आणि त्याच्या तोंडात फोड आले. पाण्याचा घोटही गिळवेना. गावातली पोरं भेटायला यायची आणि तो त्यांच्याशी भुवयांनी बोलायचा. ते मला बघवत नव्हतं. मी इस्पितळाच्या जिन्यात जाऊन रडायचे आणि चेहरा धुऊन परत यायचे.

केमोने आजार दबला, पण तो परत उठणार, असं मुंबईच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. एकच उपाय होता. दुसऱ्या कुणाच्या तरी निरोगी शरीरातल्या स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणारं बियाणं, काढून त्याच्या अंगात घालायचं. सख्ख्या भावंडांचंही जुळेलच असं नसतं म्हणाल्या. आम्ही तर दोघंच. माझं रक्त तपासलं आणि पूर्ण जुळलं! काय सांगू तुम्हाला, मला मुलगा झाला तेव्हाही मी एवढी नाचले नव्हते. मी बेसनाचे लाडू केले, अंजूरच्या आळीत घरोघर वाटले, आणि प्रत्येक दारात तेच सांगितलं, "माझं जुळलं, शंभर टक्के जुळलं." देवीशी समेट केला. तिच्यासमोर हात जोडून म्हटलं, आता कळलं तू मला याच्या आधी का जन्माला घातलंस ते. माझ्या डोक्यात तेव्हा केवढा ताठा होता! आपण भावाला जीव देणार, आपल्यासारखी बहीण जगात नाही, असं मला वाटत होतं.

नंतर माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. छाती, हृदय, रक्त, काविळीचा विषाणू, काय काय. सगळं चांगलं आलं. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून विचारलं, "लहानपणी मोठा आजार? कधी रक्त चढवलंय? कधी कावीळ?" मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "मॅडम, मला साधा ताप येत नाही." शेजारी आई बसली होती. कावीळ हा शब्द आला तसे तिने पदराचे काठ बोटांत धरले आणि मांडीवर सारखे करत बसली. मला वाटलं, म्हातारी थकली असेल. पुढच्या आठवड्यात दिनेशला भरती करायचं ठरलं.

भरतीच्या आधी देवीची ओटी भरून यायचं मी बोलले होते. बोललेलं ठेवलं नाही तर आमच्यात चालत नाही. एकटीच निघाले. भिवंडीहून एसटी पकडली आणि वज्रेश्वरीला उतरले. आधी जवळच्या गरम पाण्याच्या कुंडात अंघोळ करावी, मग वर देवळात जावं, असा माझ्या आईचा शिरस्ता, तोच मी पाळते. बायकांच्या कुंडात त्या सकाळी गर्दी नव्हती. पाणी चांगलंच कढत होतं. मी पायरीवर बसून आधी पाय सोडले. शेजारी एक म्हातारी गुडघ्यांवर तांब्याने पाणी ओतत बसली होती. काळीसावळी, नऊवारी वर खोचलेली, पायरीवर काढून ठेवलेल्या दोन्ही चपला वेगवेगळ्या. ती आपलं पुटपुटत होती, "हाडांना बरा वाटतं गो बाय." मीही हो ला हो केलं. दंडावर पाणी घेतलं तशी तिची नजर माझ्या डाव्या हातावर गेली आणि तिने सरळ माझा हात धरला.

"कावलीचा डाग ना गो ह्यो?" ती म्हणाली.

माझ्या दंडाच्या आतल्या बाजूला एकाखाली एक असे जुने भाजल्याचे टिपके आहेत. मी जन्मभर ऐकत आले की रांगत असताना मी चुलीशी गेले आणि चटका बसला. तसंच तिला सांगितलं. म्हातारी तोंड उघडून हसली. "चुलीला रांगेत टिपके देता येतान व्हय? ह्यो तारंनं दिलेला डाग. मना पन हाय, ह्यो बघ." तिने आपला दंड पुढे केला. सुरकुतल्या कातडीवर अगदी तसेच टिपके होते. "कावील झाली का आमच्या गावात डागाचे. उतरली का मंग तिचा नाव काराचा न्हाय. नाव कारला तर परत येते. तुझ्या आयसनं सांगितला नसंल."

मी कुंडातून उठले कशी, साडी नेसले कशी, मला आठवत नाही. देवळात जाऊन ओटी भरली, पण तोंडातून एक शब्द निघाला नाही. परत येताना त्या म्हातारीला शोधलं. पूजेच्या सामानाच्या दुकानात विचारलं, कुंडावरच्या बायकांना विचारलं. कुणाला सांगता येईना. लोक मला आता म्हणतात, ती देवीच होती. असेल बाबा. मला तर ती गुडघे दुखणारी म्हातारी वाटली, तिच्या हातालाही कढत पाण्यात भिजून सुरकुत्या आल्या होत्या. ती कोण होती हे मला माहीत नाही, आणि आता मी ते कुणाला पटवायलाही जात नाही. एवढंच खरं, की एवढं कुंड मोकळं असताना ती माझ्याच शेजारी बसली होती.

तिथून मी घरी गेलेच नाही, थेट अंजूर गाठलं. आई पडवीत सुकट निवडत बसली होती. मी पदर सारला, दंड तिच्यासमोर धरला आणि विचारलं, "आई, हे काय आहे? खरं सांग." तिने आधी रस्त्याकडे बघितलं. गोदामाचा एक ट्रक मागे घेत होते, त्याच्या आवाजात आपलं बोलणं कुणाला जायचं नाही एवढी खात्री करून घेतली आणि मग ती रडायला लागली. मी चार वर्षांची असताना माझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. अन्न जात नव्हतं. खाडीपलीकडच्या एका माणसाने डाग दिला, माझे हात चुन्याच्या पाण्यात धुतले, ते पाणी पिवळं झालं, आणि त्याने आईला बजावलं, पोर वाचली, पण या आजाराचं नाव पुन्हा या पोरीच्या बाबतीत तोंडातून काढायचं नाही. आईने ते पाळलं. माझ्या बापालाही पुढे कधी बोलू दिलं नाही. लग्न ठरताना नाही, माझ्या बाळंतपणात नाही, आणि इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तोंडावर विचारलं तेव्हाही नाही.

"नाव कारला तर तुझा पन जीव जाईल आनि त्याचा पन, असा मना वाटला गो," आई म्हणत होती. मी तिच्यावर इतकी ओरडले की शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. अगं, डॉक्टरला सांगायचं नाही तर कुणाला सांगायचं? पण ओरडता ओरडताच माझ्या लक्षात आलं, ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या डोळ्यांकडे बघत होती. इतक्या वर्षांनी आता नाव घेतलं, तर हिचे डोळे पिवळे व्हायला लागले की काय, हे ती माउली बघत होती. माझा आवाज बसला. मी तिच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघींनी मिळून उरलेली सुकट निवडली.

आता खरी परीक्षा पुढे होती. माझे रिपोर्ट चांगले आले होते. कुणालाच काही कळलेलं नव्हतं. मी सांगितलं नाही, तर पुढच्या आठवड्यात दिनेशला भरती करतील आणि त्याचा जीव वाचेल. सांगितलं, तर सगळं थांबणार. सुवर्णा आतून हे सगळं ऐकत होती. ती बाहेर आली आणि माझ्या पाया पडली. माझी भावजय मोठी मानी. कुणापुढे मान वाकवणारी नव्हे. तिने माझे पाय घट्ट धरले आणि म्हणाली, "ताई, रिपोर्ट क्लिअर आहेत ना? मग चार वर्षांच्या पोरीची कावीळ आता कशाला उकरून काढता? त्यांच्याकडे वेळ नाही हो." तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. मी तिला उठवलं आणि चपला घालून निघाले.

घरी आले. नेहमीप्रमाणे फोटोसमोर उभी राहिले. म्हटलं, हे तू काय मांडलं आहेस? सगळं सुरळीत चाललं होतं, तुझ्याच ओटीला आले, तर तू तिथे त्या बाईला कशाला बसवलंस? माझ्या आनंदात माती कालवायला? पुष्कळ बोलले. बोलून बोलून दमले, तेव्हा एकच प्रश्न शिल्लक राहिला. मी सांगू नये असं तिच्या मनात असतं, तर तिने मला ते दाखवलं कशाला? एवढं एकच कळलं आणि त्यावर माझ्याकडे तोड नव्हती. शरण जाणं वगैरे मोठे शब्द मी कीर्तनात ऐकले होते. त्या दिवशी ते मला असं समजलं, की आपल्या डोक्यातलं सगळं गणित बरोबर दिसत असताना आपण ते पुसायचं आणि दाखवलेल्या वाटेने मुकाट चालायचं. आणि ते फार दुखतं, हो. कीर्तनात ते सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरीणबाईंसमोर बसून सगळं सांगितलं. इतकं हळू बोलले की त्यांना दोनदा "काय?" म्हणून विचारावं लागलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या दंडावरचे डाग बघितले आणि म्हणाल्या, नेहमीच्या तपासणीत हिपॅटायटिस बी, म्हणजे काविळीचा हा विषाणू, दिसला नाही म्हणजे तो गेलाच असं नसतं. लहानपणी शिरलेला हा विषाणू कधी कधी यकृतात दडी मारून बसतो. धडधाकट माणसाला जन्मभर त्रास देत नाही. पण ज्याची सगळी प्रतिकारशक्ती आम्ही औषधांनी पुसून टाकतो, त्याच्या अंगात तो गेला, तर तिथे त्याला अडवणारं कुणी नसतं. तिथे तो उठतो. त्यांनी वेगळी तपासणी पाठवली. रिपोर्ट आला. माझ्या रक्तात तो होता. थोडासाच, पण होता.

मी कशी सांगू तेव्हा मला काय वाटलं! अंजूरच्या आळीत लाडू वाटत फिरलेली बाई मी. भावाला द्यायला निघाले होते अमृत म्हणून, आणि त्यात विष होतं. माझ्याच रक्तात, माझ्या नकळत, इतकी वर्षं. मला माझ्या हातांची शिसारी आली. पोटच्या लेकीसारखी वागवलेली दिनेशची पोर माझ्या मांडीवर येऊन बसली, तर तिलाही मी खाली उतरवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अहो असं शिवण्याने काही होत नाही. पण मन ऐकतं का?

दुसरा कुणी देणारा नव्हता. मग असं ठरलं की मी गोळ्या घ्यायच्या, रक्तातला विषाणू दिसेनासा होईपर्यंत. दिनेशला लस द्यायची, त्यालाही गोळ्या सुरू ठेवायच्या, आणि मग माझ्याच सेल घ्यायच्या. वाट बघायची होती. त्या वाट बघण्यातच त्याचा आजार परत वर आला. पुन्हा केमो झाली. तो आणखी वाळला, गालाची हाडं वर आली. सुवर्णा माझ्याशी बोलेनाशी झाली. डबा घेऊन गेले की ती तो हातातून घ्यायची आणि तोंड फिरवायची. मी काय म्हणणार? तिचा माणूस माझ्या एका वाक्यामुळे ताटकळला होता. मी रोज गोळी घ्यायचे आणि देवीला म्हणायचे, आता तूच बघ. भांडायचं बळही गेलं होतं.

शेवटी माझं रक्त स्वच्छ आलं. इंजेक्शनं घेऊन माझी हाडं ठणकत होती, मी हाताला मशीनच्या नळ्या लावून पडून राहिले, आणि पातळ टोमॅटोच्या सारासारखी दिसणारी एक पिशवी भरली. काचेपलीकडे दिनेश बसला होता. डोक्यावर केस नाही, तोंडाला मास्क. पिशवी त्याच्या नळीला लावली, आणि त्याने इस्पितळाच्या फोनवरून मला हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. "अंजूर संघाला विजयासाठी फक्त येक पिशवी पायजे, आनि नारपोलीच्या एन्डकडून येतेय आपली ताय, रनअप लांब हाय, पाटलीन कमरंवर हात ठेवून बघतेय..." पाटलीण म्हणजे सुवर्णा. कितीतरी महिन्यांनी ती हसली, आणि हसताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमच्यातलं जे होतं नव्हतं ते तिथे मिटलं. मी इकडे हसत होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

माझं बियाणं त्याच्यात रुजलं. पुढे त्याचा रक्तगटही बदलून माझा झाला. "तायचा रक्त हाय, आता माझा पन आवाज वाढनार," असं तो सगळ्यांना सांगायचा. तो घरी आला. आईने त्याला मऊ भात आणि मुगाचं वरण भरवलं. गावातल्या सामन्याला त्याला खुर्ची टाकून लांब बसवलं. दर तपासणीत डॉक्टरीणबाई त्याच्या यकृताचे आकडे आधी बघायच्या आणि मला फोन करून सांगायच्या, "तुमच्याकडून काहीही आलेलं नाही. निश्चिंत राहा." तो काळ देवीने आम्हाला दिला. आणि मग मूळचा आजार, तो रक्ताचा, परत आला. या वेळी डॉक्टरांकडेही द्यायला काही उरलेलं नव्हतं.

मला आत एकच गोष्ट खात होती. मी कुंडावरून आले आणि तोंड बंद ठेवलं असतं, तर त्याला वेळेवर सेल मिळाल्या असत्या, मध्ये आजार उठला नसता, आज तो कदाचित... डॉक्टरीणबाईंना मी हे विचारलं होतं. त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, हे कुणालाच सांगता येणार नाही. मग मी दिनेशलाच विचारलं. अंजूरच्या घरी ओट्यावर त्याला उशा लावून बसवलं होतं, संध्याकाळची वेळ, समोर गोदामाच्या गाड्या चालल्या होत्या. मी म्हटलं, "दिन्या, मला माफ कर. मी सांगितलं म्हणून तुला उशीर झाला."

तो उशीला टेकून जरा सावरून बसला. मग म्हणाला, "ताय, तू गप बसली असतीस आनि मी तुझ्या कावलीनं गेलो असतो. मंग तू जगली असतीस?"

मी नुसती मान हलवली.

"न्हाय ना? मंग देवीनं बरोबर केलान. मी जानार व्हतो तो जानारच व्हतो. तिनं तुला वाचवलीन." आणि एवढं बोलून तो माझ्यावरच हसला. "तू तिकडं माझ्यासाठी ओटी भरत व्हतीस, येडे."

तो श्रावणात गेला. शेवटपर्यंत त्याचे डोळे पांढरेस्वच्छ होते. आई त्याच्या उशाशी बसून ते बघायची, मी बघितलंय. दुःख काय असतं ते मी इथे लिहीत नाही, ज्यांच्या घरातून असा माणूस गेलाय त्यांना सांगायला नको, आणि इतरांना सांगून उपयोग नाही. आईने मात्र एक केलं. तेराव्याला बायका जमल्या होत्या, त्यांच्यात ती बसली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माझ्या पोरीला कावील झाली व्हती. मी लपवली. तुमच्या कोनाच्या पोरांना झाली असंल, डाग असंल, तर डॉक्टरला सांगा. नाव घेतल्यानं काय व्हत न्हाय." मग एकीने हळूच बाही वर केली. पुढे माझ्याही मुलांची तपासणी झाली, ती ठीक निघाली, त्यांना लस दिली. आईची तपासणी झाली आणि तो विषाणू तिच्यातही सापडला. मला तिच्याकडूनच आला असेल का, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, आणि उत्तर यायच्या आधीच म्हटलं, राहू द्या, सांगू नका.

हे लिहायला सुवर्णाने सांगितलं. "मी पाया पडले होते तेही लिहा," म्हणाली, "नाहीतर तुम्ही एकट्याच चांगल्या दिसाल." तेव्हा लिहिलं.

मी अजून देवीशी बोलते, पण भांडण कमी झालंय. परवा वज्रेश्वरीला गेले होते. ओटी भरताना पूर्वी मी लांबलचक मागणं मागायचे, या वेळी काही सुचलंच नाही. पुजाऱ्याने ओंजळीत प्रसाद टाकला आणि तो हातात घेऊन मी तिथेच रडायला लागले. मी तिच्याकडे भाऊ मागितला होता. तिने मला हा माझा जीव दिला, कुणाचा घात न केलेला, भावाच्या मरणाला ज्याचा हात लागला नाही असा. मला तो नको होता. दिनेशच हवा होता, अजूनही हवा आहे. पण ओंजळीत पडलेला प्रसाद कमी का जास्त, आपल्याला हवा तो का नको तो, हे बघायचं नसतं. तो परत करायचा नसतो. मी तो कपाळाला लावला आणि खाल्ला.